एकच रेडिओ जाळं, अनेक संगणक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाणीपुरवठा योजनेत जॅकवेल (नदी-धरणातून पाणी उचलण्याची विहीर), जलशुद्धीकरण केंद्र, संतुलन टाकी आणि गावभर पसरलेल्या उंच टाक्या असतात. त्यांची पातळी, दाब, प्रवाह रेडिओ मोडेमवरून कंट्रोल रूममधल्या एका संगणकावर येतो. पहिली काही वर्षं एवढं पुरतं. मग शाखा कार्यालयाला तोच डेटा हवा असतो, वीजबिलाचा हिशेब ठेवणाऱ्याला पंपांचे तास हवे असतात, ठेकेदाराला दुरून लक्ष ठेवायचं असतं. खालचे प्रश्न त्या टप्प्यावरचे आहेत. उदाहरणं मॉडबस आरटीयू या प्रोटोकॉलची, म्हणजे उपकरणांनी एकमेकांशी बोलण्याच्या नियमांची, घेतली आहेत, कारण आपल्याकडे असल्या योजनांत तोच प्रोटोकॉल सगळ्यात जास्त दिसतो.

कंट्रोल रूममधला संगणक व्यवस्थित चाललाय. शाखा कार्यालयात तसाच रेडिओ मोडेम आणि तोच स्काडा (आकडे दाखवणारा आणि आदेश देणारा प्रोग्राम) बसवला तर काय बिघडेल?

बरंच काही, आणि त्यातलं सगळ्यात वाईट लगेच दिसत नाही.

मॉडबस १९७९ मध्ये मॉडिकॉन कंपनीने आपल्या पीएलसींसाठी, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या नियंत्रकांसाठी, आणला. त्याची सिरियल आवृत्ती एक गोष्ट गृहीत धरून चालते: एका वाहिनीवर मास्टर एकच. मास्टर विचारतो, ज्याचा पत्ता घेतला तो स्लेव्ह उत्तर देतो, बाकीचे गप्प बसतात. पत्ते १ ते २४७ असतात, पण ते फक्त स्लेव्हचे. मास्टरला पत्ताच नाही. त्यामुळे प्रश्न कोणी विचारला हे स्लेव्हला, म्हणजे टाकी-पंपाजवळच्या स्टेशनला, कळत नाही, आणि उत्तर कोणासाठी आहे हे उत्तरात लिहिलेलं नसतं.

दोन मास्टर एकाच फ्रिक्वेन्सीवर आले की कधी दोघांचे प्रश्न एकमेकांत मिसळून दोन्ही वाया जातात. ते परवडलं. निरोपाच्या शेवटी असलेला सीआरसी हा तपासणीचा आकडा जुळत नाही, उत्तराची वाट पाहण्याची मुदत संपते (टाइमआउट होतो), पुन्हा विचारलं जातं. खरा धोका पुढच्या प्रश्नात आहे.

सीआरसी असताना चुकीचा आकडा कसा येईल?

येतो, आणि सीआरसी अगदी बरोबर असताना येतो.

समजा ७ नंबरच्या स्टेशनवर पंपाचा दाब एका रजिस्टर-जोडीत आहे आणि टाकीची पातळी दुसऱ्या जोडीत (रजिस्टर म्हणजे आकडा ठेवायची नंबर दिलेली जागा). कंट्रोल रूमने दाब विचारला. त्याच क्षणी शाखा कार्यालयाने त्याच स्टेशनला पातळी विचारली. स्टेशनला कंट्रोल रूमचा सिग्नल जास्त जोरात मिळतो. एफएम पद्धतीच्या रेडिओत जोरदार सिग्नल कमजोर सिग्नलला दाबून टाकतो, त्यामुळे दुसरा प्रश्न स्टेशनपर्यंत पोचलाच नाही. स्टेशनने दाबाचं उत्तर पाठवलं. ते उत्तर असं असतं: स्टेशन ७, फंक्शन ०३ (म्हणजे ‘वाच’), पुढे ४ बाइट, मग ते ४ बाइट, मग सीआरसी. बस. कोणत्या रजिस्टरचा हा आकडा आहे, हे मॉडबसच्या उत्तरात नसतं.

शाखा कार्यालयाचा संगणक नेमकी याच आकाराच्या उत्तराची वाट पाहत होता. स्टेशन बरोबर, फंक्शन बरोबर, बाइट बरोबर, सीआरसी बरोबर. त्याने १.२ किलोचा दाब १.२ मीटर पातळी म्हणून लिहून घेतला. टाकीत प्रत्यक्षात ४.६ मीटर पाणी आहे. पातळी कमी झाली म्हणून पंप चालू करण्याचा तर्क त्या संगणकात असेल, तर टाकी ओसंडणार. लॉगमध्ये एकही एरर सापडणार नाही.

एवढी एक गोष्ट नीट कळली की पुढची सगळी उत्तरं सोपी होतात. हवेत विचारणारा एकच हवा. वाटणी करायची ती तारेच्या बाजूला.

दोन्ही संगणकांना वेगवेगळ्या वेळा वाटून दिल्या तर? एक सम मिनिटाला, एक विषम मिनिटाला?

घड्याळं अचूक जुळलेली असतील तर टक्कर टळेल. पण वेळेचा खर्च तसाच राहतो, आणि तो किती असतो हे मांडून बघितल्याशिवाय लक्षात येत नाही.

९६०० बॉडच्या वेगावर एका अक्षराला साधारण १ मिलिसेकंद लागतं. मॉडबसचा प्रश्न ८ बाइटचा, म्हणजे ८ मिलिसेकंद. दहा रजिस्टरांचं उत्तर २५ बाइटचं, म्हणजे २६ मिलिसेकंद. नुसतं एवढंच पाहिलं तर सगळं चुटकीसरशी व्हायला हवं. पण प्रत्येक वेळी रेडिओचा ट्रान्समीटर चालू होऊन स्थिर व्हायला वेळ लागतो. ५० मिलिसेकंद धरा. तो वेळ प्रश्नालाही लागतो आणि उत्तरालाही. स्टेशनमधल्या आरटीयूला, म्हणजे तिथले आकडे गोळा करून पाठवणाऱ्या उपकरणाला, विचार करायला आणखी ५०. एकूण १८४ मिलिसेकंद झाले, आणि त्यातला खरा डेटा फक्त ३४ मिलिसेकंदांचा. जुन्या व्हीएचएफ सेटला जोडलेल्या मोडेमवर तर ट्रान्समीटर स्थिर होण्याचा वेळ याच्या कितीतरी पट असतो.

२० स्टेशनं असली तर सगळ्यांना एकदा विचारण्याची एक फेरी ३.७ सेकंदांत संपते. छान. आता एका स्टेशनची वीज गेली. टाइमआउट २ सेकंद आणि एकूण तीन प्रयत्न अशी सेटिंग असेल, तर त्या एका मेलेल्या स्टेशनवर ६ सेकंद जातात. उरलेली १९ स्टेशनं मिळून साडेतीन सेकंद घेतात आणि एक बंद स्टेशन सहा. दोन मास्टर असले की ते सहा सेकंद दोनदा जातात. मध्ये डोंगरावर साठवून पुढे पाठवणारा रिपीटर असेल तर त्याच्या पलीकडच्या स्टेशनांचा प्रत्येक निरोप हवेत दोनदा जातो, तो हिशेब वेगळाच.

म्हणून बंद स्टेशनला प्रत्येक फेरीत विचारू नका. तीनदा उत्तर आलं नाही की त्याला मंद यादीत टाका आणि दर पाच-दहा मिनिटांनी एकदाच हाक मारा. दुसरा संगणक जोडण्याचा विचार नसला तरी ही सेटिंग आजच तपासा.

बोलण्याआधी ऐकायचं, हवा मोकळी असेल तरच पाठवायचं, अशी सोय आमच्या मोडेममध्ये आहे. मग अडचण काय?

अडचण डोंगराची. टाकीवरच्या उंच अँटेनाला दोन्ही कार्यालयं ऐकू येतात, पण कार्यालयांना एकमेकांचा सिग्नल मिळत नाही. दोघांनाही हवा मोकळीच दिसते, दोघंही बोलतात, आणि टक्कर टाकीवर होते. यागी अँटेना तर मुद्दाम एका दिशेला रोखलेली असते, म्हणून सपाट गावातही हे घडतं.

शिवाय मोडेमला फक्त हवा दिसते, प्रश्न-उत्तराची जोडी दिसत नाही. कंट्रोल रूमचा प्रश्न संपला आणि स्टेशनचं उत्तर अजून निघायचंय, त्या मधल्या ५० मिलिसेकंदांत हवा मोकळीच असते. दुसरा संगणक नेमका तिथे घुसतो.

म्हणजे हा प्रश्न जुनाच आहे का?

पन्नास वर्षांहून जुना. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांच्या गटाने १९७१ मध्ये अलोहानेट सुरू केलं. बेटांवरच्या टर्मिनलना विद्यापीठाचा संगणक रेडिओवरून वापरता यावा, हा त्यामागचा उद्देश. केंद्राकडे जाणारी वाहिनी सगळ्यांची सामायिक. ज्याला पाठवायचं त्याने पाठवायचं, पोच आली नाही तर थोडा यादृच्छिक वेळ थांबून पुन्हा पाठवायचं. या पद्धतीत वाहिनीच्या क्षमतेपैकी जास्तीत जास्त १८ टक्केच उपयोगी पडते, हे गणितानं दाखवता येतं. ठरलेल्या वेळेच्या खाचांवरच पाठवायचं बंधन घातलं तर ३७ टक्के. पुढे झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि सहकाऱ्यांनी इथरनेट उभारलं, त्याची प्रेरणा इथलीच.

अब्रामसन यांच्या गटाने टकरी गृहीत धरून मार्ग काढला, कारण टर्मिनलवरचा माणूस कधी कळ दाबेल ते कोणालाच माहीत नसतं. पाणीपुरवठ्यात कोणाला काय आणि कधी विचारायचं ते आधीच माहीत असतं. त्यामुळे टकरी सोसायची आपल्याला गरज नाही.

मग नेमकं काय बसवायचं?

रेडिओला एकच संगणक किंवा एकच डेटा कॉन्सन्ट्रेटर जोडायचा. तो फेरी मारतो आणि प्रत्येक स्टेशनचा ताजा आकडा स्वतःजवळ ठेवतो. बाकीचे सगळे संगणक इथरनेटवरून त्याच्याकडून आकडे घेतात. दहा जणांनी मागितले तरी हवेतली फेरी तेवढीच राहते.

देण्याचे मार्ग अनेक आहेत. मॉडबस टीसीपी सर्वात सोपा, ५०२ नंबरच्या पोर्टवर. ओपीसी यूए जास्त चांगला, कारण आकड्याबरोबर वेळ आणि दर्जा (आकडा विश्वासाचा आहे की नाही) दोन्ही येतात. एमक्यूटीटीही चालतो. तो तर याच गरजेतून जन्मला: १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तो तेलवाहिन्यांच्या देखरेखीसाठी लिहिला, तेव्हा डेटा महागड्या उपग्रह जोडणीवरून यायचा.

बाजारात सिरियल-टू-इथरनेट गेटवे स्वस्तात मिळतो. त्यावर चार संगणक एकाच वेळी जोडता येतात. तो पुरेल का?

कोणता गेटवे, यावर आहे. त्यांचे तीन प्रकार असतात आणि दुकानदार तिघांनाही एकाच नावाने विकतो.

पहिला नुसता पारदर्शक असतो: टीसीपीवरून आले ते बाइट तसेच सिरियलवर टाकायचे. यावर दोन संगणक जोडले की वर सांगितलेली दाब-पातळीची गडबड होते, फक्त हवेऐवजी तारेवर. हा नको.

दुसऱ्याला मॉडबस समजतो. तो चौघांचे प्रश्न रांगेत लावतो, एक संपल्यावर दुसरा पाठवतो आणि उत्तर ज्याचं त्याला देतो. आकडे बरोबर येतात. पण चौघांचे प्रश्न हवेत चार वेळा जातात. तारेने जोडलेल्या पाच-सहा मीटरना हे चालून जातं. रेडिओवर फेरी चौपट होते, रांगेत शेवटी असलेल्याचा टाइमआउट होतो, तो पुन्हा विचारतो आणि रांग आणखी वाढते.

तिसरा स्वतः फेरी मारून आकडे साठवतो आणि साठ्यातून देतो. रेडिओसाठी हाच घ्यावा. खरेदीपूर्वी विक्रेत्याला एकच विचारा: माझे चारही संगणक दर सेकंदाला वाचत राहिले तर सिरियल बाजूचे प्रश्न वाढतील का? उत्तर ठाम ‘नाही’ यायला हवं, आणि ते टेबलावर दाखवून घ्यावं. सिरियल बाजूचा दिवा लुकलुकतो, तो बघूनसुद्धा फरक कळतो.

साठवलेला आकडा शिळा असला तर?

या रचनेतली सगळ्यात महत्त्वाची काळजी हीच. स्टेशन दुपारी दोनला बंद पडलं, पातळी ३.१ मीटर. संध्याकाळी सहाला शाखा कार्यालयातला संगणक चालू केला, तर त्यालाही ३.१ मीटरच दिसते, हिरव्या रंगात. एमक्यूटीटीमध्ये राखून ठेवलेला निरोप नव्या सभासदाला तत्काळ मिळतो. ही सोय चांगलीच आहे, पण जोडीला वेळ नसेल तर धोक्याची.

म्हणून प्रत्येक स्टेशनच्या आकड्यांबरोबर ‘शेवटचं उत्तर कधी आलं’ हेही द्यायचं. मॉडबस टीसीपीवर आकड्याचा दर्जा पाठवायची सोय नाही, तिथे एक जादा रजिस्टर ठेवा: शेवटच्या उत्तराला किती सेकंद झाले. पडद्यावर ठरावीक मर्यादेनंतर आकडा करडा करायचा. हे काम निविदेतच लिहून घ्या, नंतर कोणी करून देत नाही.

पंप चालू-बंद करण्याचे आदेश दोन्ही ठिकाणांहून देता यावेत अशी वरिष्ठांची मागणी आहे.

वाचणं कितीही जणांना द्या. लिहिण्याचा ताबा एका वेळी एकाकडेच.

दोन संगणकांत वेगळे सेटपॉइंट असले, एकाला टाकी ४ मीटरवर थांबवायची आणि दुसऱ्याला साडेचारवर, तर ४ आणि साडेचारच्या मध्ये पंप चालू-बंद-चालू होत राहतो. मोठ्या मोटरला तासाला ठरावीकच स्टार्ट चालतात, त्यापलीकडे वाइंडिंग तापतं. त्यामुळे ताब्याचा एक टॅग, म्हणजे नाव दिलेली नोंद, कॉन्सन्ट्रेटरमध्ये ठेवा: सध्या कोण चालवतंय. ज्याच्याकडे ताबा नाही त्याचा आदेश तिथेच नाकारला जावा. मॉडबसमध्ये लिहिण्याची नेहमीची फंक्शनं ०५, ०६, १५ आणि १६, ती बाकीच्यांसाठी बंद करता येतात. ताबा घेतला की दुसऱ्या ठिकाणी तो गेल्याचं दिसलं पाहिजे, नाहीतर तिथला ऑपरेटर बटण दाबत बसेल.

आणि सुरक्षेचे इंटरलॉक, म्हणजे सम्प कोरडा झाला की पंप बंद, टाकी भरली की पंप बंद, हे स्टेशनवरच्या पीएलसीतच हवेत. ते कुठल्याही संगणकावर आणि कुठल्याही रेडिओवर अवलंबून असता कामा नयेत. पॅनेलवरचा लोकल-रिमोट स्विच लोकलवर असेल तर कोणाचाच दुरून आदेश चालू नये. माणूस मोटरवर हात ठेवून काम करत असतो.

मुख्य संगणक बंद पडला तर राखीव संगणकाने आपोआप काम हाती घ्यावं, असं करता येतं का?

येतं, आणि करावंच. दोघांमध्ये हृदयाच्या ठोक्यासारखा एक छोटा निरोप सतत चालू ठेवतात, तो थांबला की राखीव संगणक पोलिंग, म्हणजे स्टेशनांना विचारत फेरी मारणं, सुरू करतो. अडचण अशी की ठोका थांबायचं कारण नेटवर्क स्विचचा अडॅप्टर जळणं हेही असू शकतं. तेव्हा मुख्य संगणक ठणठणीत असतो, राखीवाला तो मेलेला वाटतो, आणि दोन मास्टर हवेत येतात.

उपाय दोन. ठोका दोन वेगळ्या वाटांनी पाठवा, एक इथरनेट आणि एक साधी सिरियल केबल. आणि राखीव संगणकाने बोलण्याआधी पाच-दहा सेकंद रेडिओ ऐकावा. हवेत कोणाचे प्रश्न चालू दिसले, तर ठोका मिळो ना मिळो, त्याने गप्प राहायचं. रेडिओ एकच असेल तर तो कोणाला जोडायचा हे ठरवणारा रिले वापरा, म्हणजे दोघं एकदम बोलूच शकणार नाहीत.

दुसऱ्या संगणकाने नुसतं ऐकून आकडे घेतले तर? काही न पाठवता?

चालतं, आणि कमी खर्चात चालतं. पाठवायची तार जोडायचीच नाही, फक्त घ्यायची. त्या संगणकावरच्या प्रोग्रामला प्रश्न आणि उत्तर दोन्ही ऐकून जोडी लावावी लागते, कारण रजिस्टरचा नंबर फक्त प्रश्नात असतो. प्रश्न हुकला तर त्याचं उत्तर फेकून द्यायचं, अंदाज बांधायचा नाही.

अट अशी की त्या जागी कंट्रोल रूम आणि सगळी स्टेशनं दोन्ही ऐकू यायला हवीत. डोंगरावर रिपीटर असेल तर ते सहज जमतं. नसेल तर क्वचितच.

डीएनपी३ या दुसऱ्या प्रोटोकॉलमध्ये मास्टरला पत्ता असतो. तो वापरला की सुटलो ना?

ओळखीचा प्रश्न सुटतो. प्रत्येक निरोपात पाठवणारा आणि घेणारा दोघांचे पत्ते असतात, त्यामुळे दाबाचं उत्तर पातळी म्हणून कोणी घेणार नाही. हवेतला वेळ मात्र वाटूनच घ्यावा लागतो.

एक खोच लक्षात ठेवा. डीएनपी३ स्टेशन घडलेल्या घटना वेळेसकट साठवतं आणि मास्टरने पोच दिली की पुसतं. दोन मास्टर एकाच साठ्यातून वाचत असतील, तर पहिल्याने उचललेली घटना दुसऱ्याला कधीच दिसत नाही. प्रत्येक मास्टरसाठी वेगळा साठा ठेवणारी स्टेशनं मिळतात, तसं सेटिंग आहे का ते आधी बघा.

लोरावॅन या कमी विजेवर लांब जाणाऱ्या रेडिओ पद्धतीच्या पाणीमीटरांचं काय? गेटवे एक आणि सर्व्हर दोन चालतील?

वर येणारे निरोप दोन्ही सर्व्हरना पाठवता येतात, त्यात धोका नाही. मीटरचे निरोप उलगडायच्या गुप्त चाव्या मात्र एकाच नेटवर्क सर्व्हरकडे असतात, त्यामुळे दुसऱ्याला त्यातलं काही उलगडणार नाही. खाली जाणारे निरोपही एकानेच पाठवायचे. वाटणी अ‍ॅप्लिकेशनच्या पातळीवर करा, तिथे कितीही घेणारे जोडता येतात. पंप चालवायला मात्र हे वापरू नका. लोरावॅनमधलं क्लास ए प्रकारचं उपकरण स्वतः बोलल्यानंतरच थोडा वेळ कान उघडतं, आणि मीटर दिवसातून दोनदाच बोलत असेल तर तुमचा आदेश तोवर थांबणार.

परवाना लागतो का?

भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ पट्टा ठरलेल्या मर्यादेत विनापरवाना आहे: ट्रान्समीटर १ वॅट, प्रभावी विकिरण ४ वॅट, बँडविड्थ २०० किलोहर्ट्झ. २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवला. बाकी व्हीएचएफ-यूएचएफ फ्रिक्वेन्सीला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचा परवाना लागतो आणि अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो. विनापरवाना पट्टा सगळ्यांचाच असतो, तिथे शेजारच्या जाळ्याचा त्रास झाला तरी कोणाकडे तक्रार करता येत नाही. शहराच्या मुख्य जलवाहिनीसाठी मी परवान्याचीच फ्रिक्वेन्सी घेईन.

सरळ प्रत्येक टाकीवर ४जी सिम टाकलं तर?

जिथे रेंज आहे तिथे जरूर. पण पाच संगणकांनी पाच वाटांनी प्रत्येक टाकीला गाठायचं, ही रचना सिमवरही टाळा. आरटीयू एका वेळी मोजकीच टीसीपी कनेक्शनं घेतो, आणि रेंज गेल्यावर तुटलेली जुनी कनेक्शनं जागा अडवून बसतात. मधला कॉन्सन्ट्रेटर तिथेही हवाच.

नवा संगणक जोडल्यावर काय तपासायचं?

जोडण्याआधी पूर्ण फेरीला किती सेकंद लागतात ते लिहून ठेवा आणि जोडल्यावर पुन्हा मोजा. आकडा हलला नाही तर वाटणी खरोखर तारेच्या बाजूला झाली. हलला तर कोणीतरी हवेत प्रश्न विचारतंय, त्याला शोधून काढा.

मग एका टाकीची वीज मुद्दाम बंद करा. सगळ्या पडद्यांवर तिचा आकडा ठरलेल्या वेळात करडा व्हायला हवा, आणि बाकी टाक्यांच्या आकड्यांना उशीर होता कामा नये. दोन स्टेशनांवर प्रत्यक्ष गेज वाचून फोनवर सांगा आणि प्रत्येक संगणकावरच्या आकड्याशी ताडून पाहा. ही तपासणी पावसाळा लागल्यावर पुन्हा करा. अँटेनाच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की सिग्नल मंदावतो, पुन्हा विचारणं वाढतं, आणि नीट चाललेली फेरी जून-जुलैमध्येच लांबते.